सुटे पैसे

जेवण आटोपते. वाढपी ताटे उचलून नेतो, ओल्या फडक्याने टेबल पुसतो आणि थोड्या वेळाने एक लहानशी बशी आणून ठेवतो. बशीत बडीशेप असते, खडीसाखरेचे चार खडे असतात आणि त्यांच्याखाली घडी घातलेले बिल असते. गिऱ्हाईक बिल वाचते, वर नोट ठेवते. वाढपी ती गल्ल्यावर नेतो आणि उरलेली मोड घेऊन परत येतो. आता खरी परीक्षेची घटका येते. ही मोड खिशात घालायची, की बशीतच राहू द्यायची? राहू द्यायची तर किती? वाढपी दूर भिंतीपाशी उभा राहून दुसरीकडे पाहत असल्याचा बहाणा करतो, आणि गिऱ्हाईक आपण काही हिशेबच करीत नाही असा बहाणा करते. प्रत्यक्षात दोघांचेही लक्ष त्या चार नाण्यांवर खिळलेले असते.

या पैशांना मराठीत अनेक नावे आहेत, आणि प्रत्येक नावामागे एक निराळी वृत्ती आहे. 'बक्षीस' हा शब्द फारसी भाषेतून आला. 'देणे' आणि 'क्षमा करणे' असे दोन्ही अर्थ त्याच्या मुळाशी आहेत. देणारा वर बसलेला आणि घेणारा खाली उभा, हे चित्र त्या शब्दाबरोबर आपोआप डोळ्यांसमोर येते. शर्यतीत पहिल्या आलेल्या मुलाला मिळते ते बक्षीस. वाढप्याच्या हातावर पडते ती मात्र 'बक्षिसी'. शब्द थोडा लांबला आणि मान तेवढा आखूड झाला! दिवाळीत पोस्टमनला किंवा पेपरवाल्याला देतात ते 'पोस्त'. ते वर्षभराच्या ओळखीचे देणे होय. 'चिरीमिरी' ही तर लाचेची धाकटी बहीणच. हॉटेलांतून आज सर्रास ऐकू येणारा 'टिप' हा शब्द इंग्रजी असला, तरी तोही मोठ्या कुलीन घराण्यातला नव्हे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील चोराचिलटांच्या बोलीत तो 'देणे' या अर्थाने वापरीत. 'तत्परतेची हमी' अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून तो तयार झाला, अशी एक गोष्ट पुष्कळदा सांगतात. पण ती मागाहून रचलेली आहे.

नावे पुष्कळ, पण प्रश्न एकच. हा पैसा म्हणजे आहे तरी काय? आनंदाने दिलेली भेट, की केलेल्या कामाचा मोबदला? भेट असेल, तर ती मागता येत नाही. मोबदला असेल, तर तो देणाऱ्याच्या लहरीवर सोडता येत नाही. गेली शे-दीडशे वर्षे जगभरच्या हॉटेलांतून हा पैसा या दोन टोकांमध्ये हेलकावे खात आहे, आणि त्याच्याबरोबर पुष्कळ कष्टाळू माणसांचे संसारही हेलकावे खात आहेत.

मुंबई-पुण्याच्या जुन्या खानावळींतून हा प्रश्न फारसा उठत नसे. जेवणारा महिन्याचे पैसे एकदम भरी. वाढप्याची व त्याची रोजची ओळख असे. कोणाला आमटी तिखट लागते, कोणाला भात थोडा लागतो, हे वाढप्याला न सांगता ठाऊक असे. दिवाळीला पोस्त दिले की वर्षाची कृतज्ञता व्यक्त होई. इराण्याच्या हॉटेलात पोऱ्या गिऱ्हाइकाचा हिशेब मोठ्याने ओरडून गल्ल्यावर कळवी, आणि गिऱ्हाईक बाहेर पडताना तेथेच पैसे देई. पण जेथे बिल टेबलावर येऊ लागले, तेथे मोडही टेबलावर येऊ लागली, आणि मोडीच्या पाठोपाठ बक्षिसीची चाल आली. कोणी एक आणा ठेवी, कोणी दोन आणे. १९५७ साली दशमान नाणी आल्यावर कोणी दहा पैसे, कोणी पंचवीस पैसे ठेवू लागले. त्यात टक्केवारीचा हिशेब नव्हता. जे सुटे उरे, त्यातले काही बशीत राही. नाण्याची सोय हाच त्या देण्याचा नियम होता.

ही चाल सर्वांत खोल रुजली ती मात्र दूर अमेरिकेत. ती तेथे का रुजली, याची कथा विचार करायला लावणारी आहे. बक्षिसी देण्याची रीत मूळची युरोपातील उमरावांची. एकोणिसाव्या शतकात युरोपची सफर करून आलेले श्रीमंत अमेरिकन ही रीत आपल्याबरोबर घरी घेऊन आले. त्यांच्या देशबांधवांपैकी अनेकांना ती आवडली नाही. सर्व माणसे समान आहेत असे मानणाऱ्या देशात एकाने नाणे फेकावे आणि दुसऱ्याने ते वाकून उचलावे, हे शोभत नाही, असे ते म्हणत. परंतु त्याच सुमारास, १८६५ साली, अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली. लक्षावधी कृष्णवर्णीय माणसे स्वतंत्र झाली. पण त्यांच्यापाशी ना जमीन होती, ना पैसा. हॉटेले आणि रेल्वे कंपन्या यांनी त्यांना कामावर घेतले आणि पगार मात्र तुटपुंजा ठेवला. उरलेले गिऱ्हाइकांकडून मिळवा, असा त्याचा अर्थ होता. गिऱ्हाइकाच्या औदार्याच्या आडोशाला मालकाची काटकसर लपली.

१८६७ साली स्थापन झालेल्या पुलमन कंपनीच्या आगगाडीच्या डब्यांतून हे चित्र स्पष्ट दिसे. या डब्यांत श्रीमंत उतारू रात्रीचा प्रवास करीत. त्यांचे बिछाने घालणे, बूट चकचकीत करणे, हवे नको ते पाहणे, ही कामे कृष्णवर्णीय पोर्टर करीत. कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज. म्हणून उतारू प्रत्येक पोर्टरला 'जॉर्ज' म्हणूनच हाक मारीत. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखण्याची जुनी सवय अशी नव्या डब्यात येऊन बसली होती. आपले स्वतःचे नाव गिळून, ओठांवर हसू ठेवून, हा माणूस रात्रभर जागत असे. कारण सकाळी हातावर पडणाऱ्या नाण्यावर त्याच्या घरची चूल अवलंबून असे. १९२५ साली या पोर्टरांनी ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली आपली संघटना उभारली. बारा वर्षे ती झगडली, आणि १९३७ साली कंपनीला तिच्याशी करार करणे भाग पडले. पगार वाढला, कामाचे तास कमी झाले. त्या माणसांनी अधिक बक्षिसी मागितली नव्हती. त्यांनी हक्काचे वेतन मागितले होते. हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे.

बक्षिसीची चाल बंद करण्याचेही प्रयत्न झाले. १९०९ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने ती कायद्याने गुन्हा ठरविली. आणखीही काही राज्यांनी तसे कायदे केले. पण लोकांच्या हाताला लागलेली सवय कायद्याच्या कागदाने सुटली नाही, आणि थोड्या वर्षांत ते कायदे एकामागून एक रद्द झाले. पुढे तर कायद्यानेच या चालीला आसन दिले. १९३८ साली अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा झाला. हॉटेलातील कामगारांना त्याचा लाभ मिळू लागला तो १९६६ च्या दुरुस्तीनंतर. त्या वेळी मालकांना अशी मुभा मिळाली, की कामगाराला मिळणारी बक्षिसी त्याच्या वेतनातच धरावी. म्हणून त्या देशाच्या कायद्यात दोन आकडे दिसतात. साधारण कामगाराचे किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. बक्षिसी मिळविणाऱ्या कामगाराला मात्र मालकाने तासाला फक्त २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून तसूभरही हललेला नाही. बक्षिसी धरूनही पहिला आकडा गाठला गेला नाही, तर उणीव मालकाने भरून काढावी, असे कायदा सांगतो. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पूर्ण किमान वेतन द्यावेच लागते. परंतु जेथे ते द्यावे लागत नाही, तेथे वाढप्याच्या वेतनाचा मोठा भाग मालकाच्या नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या खिशातून येतो.

याचा परिणाम असा झाला, की तेथे बक्षिसी ही भेट राहिली नाही. एके काळी बिलाच्या दहा टक्के रक्कम पुरेशी मानीत. मग पंधरा टक्के झाली. आता वीस टक्क्यांची अपेक्षा सर्रास केली जाते. शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेली मराठी मुले पहिल्यांदा हॉटेलात जातात, तेव्हा बिलापेक्षा या हिशेबानेच अधिक गोंधळतात. पैसे देण्याच्या यंत्राच्या काचेवर अठरा, वीस, पंचवीस असे आकडे उमटलेले असतात. 'काही नाही' असे लिहिलेला चौकोनही तेथे असतो. पण मागे रांग उभी असताना आणि समोर विक्रेता पाहत असताना त्यावर बोट ठेवायला धैर्य लागते. पूर्वी हा प्रश्न जेवण वाढणाऱ्यापुरताच होता. आता उभ्याउभ्या कॉफीचा एक पेला घेतला, तरी यंत्र तोच प्रश्न विचारते. सेवा तीच राहिली; अपेक्षा मात्र वाढत गेली.

सर्वच देशांत असे नाही. जपानमध्ये उपाहारगृहात बक्षिसी देण्याची रीत नाही. टेबलावर नाणी ठेवून निघालेल्या प्रवाशाच्या मागे, 'तुमचे पैसे विसरले' म्हणून वाढपी धावत येतो. आपले काम नीट करणे हा तेथे कामाचाच भाग समजतात. फ्रान्समध्ये सेवेचे मोल पदार्थाच्या किमतीतच धरलेले असते. वर दोन नाणी ठेवली तर ती केवळ खुशीची. या देशांतही पाहुण्याची सरबराई उत्तम होते. तेव्हा नाण्याच्या आशेवाचून माणूस मनापासून काम करणारच नाही, हा समज काही खरा नव्हे.

भारतातही गेल्या काही वर्षांत या प्रश्नाने नवे रूप घेतले. अनेक मोठ्या हॉटेलांनी बिलाच्या तळाशी 'सेवा आकार' म्हणून एक ओळ छापण्यास आरंभ केला. बहुधा तो दहा टक्के असे. पुष्कळ गिऱ्हाइकांना तो सरकारी करच वाटे. मालकांचे म्हणणे असे, की बशीतील पैसे फक्त वाढप्याला मिळतात. आत भट्टीपाशी घाम गाळणारा आचारी आणि मोरीवर भांडी घासणारा पोऱ्या यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. सेवा आकार मात्र सर्वांत वाटता येतो. या म्हणण्यात तथ्य होते. पण गिऱ्हाईक विचारी, 'माझी खुशी तुम्ही परस्पर कशी छापता?' यातही तथ्य होते. हा आकार ऐच्छिक आहे, असे केंद्र सरकारने २०१७ साली सांगितले. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो बिलात आपोआप लावण्यास मनाई केली. हॉटेलमालकांच्या संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. देणे खुशीचे असेल तर त्याची सक्ती करता येणार नाही, हे त्या निर्णयाचे सार होय.

न्यायालयात हा वाद चालू असतानाच एक दुसरा बदल गाजावाजा न होता घडत होता. २०१६ पासून देशात भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची सोय सुरू झाली, आणि पाहता पाहता ती चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली. आता बिल दोनशे सदतीस रुपये झाले, तर बरोबर दोनशे सदतीस रुपयेच जातात. नोट मोडावी लागत नाही. मोड परत येत नाही. वाढपी पूर्वीसारखाच बशी आणून ठेवतो, पण तीत बडीशेपेखेरीज काही राहत नाही. गिऱ्हाइकाने कंजूषपणा केलेला नसतो. त्याला देण्याची आठवण करून देणारी नाणीच नाहीशी झालेली असतात.

अशाच एका टेबलावर एक आजोबा आणि त्यांचा नातू बसले होते. नातवाने भ्रमणध्वनी पुढे करून क्षणात पैसे दिले आणि तो उठलाही.

"थांब रे," आजोबा म्हणाले. "त्याचे द्यायचे राहिले की."

"दिले ना आजोबा, सगळे दिले! हे पाहा, पोहोचसुद्धा आली."

"ते हॉटेलला दिलेस. तीन वेळा गरम भाकरी आणून वाढली, त्याला काय दिलेस?"

नातू गोंधळला. "पण त्याला पगार असतो ना?"

"असतो, आणि असायलाच हवा," आजोबा म्हणाले. "पगार त्याच्या कामाचा. पण माझे दात नाहीत हे पाहून त्याने भाकरी मऊ भाजून आणायला आत सांगितले, ते पगारात नव्हते हो."

त्यांनी खिशातून एक नोट काढली, वाढप्याला जवळ बोलावले, त्याचे नाव विचारले आणि त्याच्या हातात ती दिली. नातवाने आजोबांचे दोन्ही प्रश्न ऐकले होते. त्याला दोन्हींची उत्तरे एकदम सापडली नाहीत, आणि मोठ्या माणसांनाही ती अद्याप पुरती सापडलेली नाहीत.

आता तर जेवण वाढणारा पुष्कळदा दिसतही नाही. घरी बसून जेवण मागविले, की पावसापाण्यातून, वाहनांच्या गर्दीतून कोणी तरुण ते दारात आणून देतो. त्याची बक्षिसी मागणारा प्रश्न भ्रमणध्वनीच्या काचेवर उमटतो, तो बहुधा जेवण मागवितानाच. म्हणजे सेवेच्या आधीच! ज्या देण्याचा जन्म संतोषातून झाला, ते आता संतोषाची वाट न पाहता मागितले जाते. शिवाय असे दिलेले पैसे योग्य हाती पोहोचतात की नाही, ही शंकाही देणाऱ्याच्या मनात उरते. ही शंका सर्वत्र आहे. म्हणूनच इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथे १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कायदा लागू झाला. कामगारांसाठी आलेली बक्षिसी मालकाने स्वतःकडे ठेवू नये आणि ती सर्वांत न्याय्य रीतीने वाटावी, असे तो कायदा सांगतो. भारतातील कित्येक हॉटेलांतून वाढपी आपापली बक्षिसी एका डब्यात टाकतात आणि नंतर ती आपसांत वाटून घेतात. समजूतदार माणसांना न्यायाची वाट कायद्याच्या आधीही सापडते.

या सर्व घडामोडींतून एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. वेतन आणि कृतज्ञता या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि त्यांची अदलाबदल केली की दोन्ही बिघडतात. वेतनाच्या जागी बक्षिसी ठेवली, तर माणसाचे पोट दुसऱ्याच्या मर्जीवर टांगले जाते. ज्याची भाकरी समोरच्याच्या प्रसन्नतेवर अवलंबून असते, त्याला अपमान झाला तरी हसावे लागते. आणि असे हसू पाहून ज्याला आनंद होतो, त्याचाही माणूसपणा थोडा उणावतो. उलट, पगार दिला म्हणजे सारे ऋण फिटले, असे मानले तर माणूस यंत्रासारखा वाटू लागतो. मग भाकरी मऊ भाजून आणण्याची बुद्धी कोणाला का व्हावी?

मुलांनो, तुमच्या हाती अजून बिल येत नाही. किती द्यावे आणि कसे द्यावे, हा निर्णय तुमच्या वडीलधाऱ्यांचा असतो. आणि तुम्ही मोठे व्हाल तोवर ही रीत आणखी किती पालटलेली असेल कोण जाणे. परंतु कृतज्ञतेचा एक भाग असा आहे, की तो द्यायला खिशात नाणे लागत नाही. पाणी आणून देणाऱ्याकडे मान वर करून पाहता येते. त्याला 'ए पोऱ्या' न म्हणता 'दादा' किंवा 'काका' म्हणून हाक मारता येते. ताटात तेवढेच घेऊन, ताट स्वच्छ ठेवून, मोरीवरच्या न दिसणाऱ्या हातांचे श्रम थोडे हलके करता येतात. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी हॉटेलचे मालक झाले, कोणी कायदे करणारे झाले, तर त्यांनी आधी वेतनाचा हिशेब चोख ठेवावा. तो चोख असला, म्हणजे घेणाऱ्याला वाकावे लागणार नाही आणि देणाऱ्याला मिरवावे लागणार नाही. मग एका माणसाने दुसऱ्याला आनंदाने काही दिले, तर ती खरोखरच भेट होईल.